मिठाआधीची पळी

बैलांचे सौदे जुळवण्यात माझं आयुष्य गेलं. पुसद, फुलसावंगी, तिकडे केळापूरकडचे बाजार, सगळीकडे मी हातावर रुमाल टाकून माणसांची बोटं धरली. आमच्या धंद्यात भाव रुमालाखाली बोलतात. तोंडानं माणूस काहीही बोलतो, बोटाला ते जमत नाही. ते एक तर घट्ट होतं, नाही तर थंड पडतं. एवढ्या एका ज्ञानावर मी घर बांधलं. बापानं माझ्यासाठी एका जुन्या कासऱ्याशिवाय काही ठेवलं नव्हतं. मला दाबणारे भेटले, नाही असं नाही; पण त्यांना मी पुढच्या बाजारात नाही तर त्याच्या पुढच्या बाजारात गाठलं. एक बाई तेवढी राहून गेली. ती बैलसुद्धा विकत नव्हती. खानावळ चालवायची. आता माझे गुडघे दुखतात, बाजारात उभं राहवत नाही, घरातले म्हणतात जुनं सोडून द्या. सुटत नाही, म्हणून लिहितो.

द्वारका मावशीची खानावळ पुसदला कापसाच्या बाजारामागच्या बोळात होती. वर टिनं, खाली सारवलेली जमीन, एका भिंतीला आमची पंगत आणि समोरच्या भिंतीला चूल. कोणी बायको-पोरं गावी ठेवून आलेला, कोणाचं लग्नच व्हायचं होतं, असे आम्ही दहा-बारा जण तिथं दोन्ही वेळ जेवायचो. शाळेतले पांढरे मास्तर होते, कापसाच्या जिनातला एक मुनीम होता, बाकीचे माझ्यासारखे बाजारातले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं महिन्याच्या दरावर घासाघीस केली. मावशी भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "भाव तुमचा, भाऊ. पळी माही."

मी खूश झालो, भाव पाडला म्हणून. पुढं महिनाभर माझ्या भातावर तूप शोधावं लागलं, तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला. पुढच्या महिन्यात मी आपण होऊन इतरांइतका दर दिला. तूप आलं.

उंच, हाडकी बाई. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. वय चाळीस की पन्नास हे तिच्याकडे पाहून कळायचं नाही, कारण दमलेल्या माणसाचं वय कळत नाही. आणि ती दमलेलीच असायची. सकाळी चूल पेटवतानाही ती अशी बसायची जणू दिवस संपला आहे. दुपारची भांडी झाली की भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन, बसल्या बसल्या झोपायची. कोणी हाक मारली तर डोळे न उघडता म्हणायची, "वाढून ठेवलं हाय." मग हाक मारणारा जेवायला आलेला असो की लाकडाची मोळी विकायला. जेवण कसं झालं हे तिनं कधी कोणाला विचारलं नाही. कोणी आपण होऊन चांगलं झालं म्हटलं, तर त्याच्याकडे संशयानं पाहायची, उधारी मागणार आहे की काय असं. एकदा मुनीम म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताले चव हाय." ती म्हणाली, "भुकेल्या माणसाले चूल दिसते, पोट भरलं का दार दिसते. मधातली बाई कोनाले दिसत नाई. जेवा."

तर अशा बाईकडे कुत्रा कसा आला ते सांगतो. आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि तिकडच्या साहेबलोकांनी आपापल्या मुलखात बदल्या करून घेतल्या. जंगल खात्याचे एक रेंजर साहेब होते, जबलपूरकडचे. त्यांचा डबा मावशीकडून जायचा. जायच्या दिवशी त्यांचं सामान ट्रकवर चढलं, कुटुंब चढलं आणि कुत्र्याला जागा उरली नाही. लांब कानांचा, तांबूस, केसाळ कुत्रा. टॉमी त्याचं नाव. साहेब खानावळीच्या दारात आले, साखळी मावशीच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, अगले महीने आदमी भेजता हूँ. तब तक संभालो." मावशीच्या दुसऱ्या हातात पीठ होतं. ती म्हणाली, "हो जी."

पुढचा महिना आला, गेला. माणूस आला नाही. टॉमी मावशीच्या बोलण्यात टामी झाला आणि खानावळीचं उष्टं खाऊन राहू लागला. कोणत्या खानावळीचा कुत्रा उष्टं खात नाही? पण आमचं उष्टं म्हणजे लाल तर्रीचा रस्सा, मिरचीचा ठेचा, तेलात भिजलेली भाकर. गावठी कुत्रं त्यावर माजतं. हा साहेबाच्या घरचा. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्या पाठीचे केस गेले, कानात घाण झाली, सबंध अंगाला खरूज. दिवसभर भिंतीला अंग घासायचा, आणि भिंतीचा पोपडा आमच्या ताटात पडायचा.

मावशीनं त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. हा डॉक्टर माझ्या ओळखीचा, आमच्या बैलांचे खूर पाहायचा. त्यानं मलम दिलं आणि म्हणाला, "बाई, मलमानं काय होते? याचं पोट जळून राह्यलं. मीठ बंद, तिखट बंद, तेल बंद. घरच्या लेकरासारखं साधं रांधून घाला."

मावशीनं मला नंतर सांगितलं, "म्या म्हटलं, माया घरी लेकरू नाई, डाक्टर. तो म्हणे, मंग आता हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. आता त्या चुलीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथं घडलं. चूल एक, आणि तिला लागून वैल, चुलीच्याच जाळावर तापणारं दुसरं तोंड. चुलीवर तवा, तो भाकरी संपेपर्यंत उतरायचा नाही. वैलावर वरणाचं मोठं गंज. तिसरी जागा नव्हती. मावशी काय करायची, गंजात डाळ शिजली, त्यात कोहळ्याच्या नाही तर दुधीच्या फोडी मऊ झाल्या, की मीठ-तिखट पडायच्या आधी, फोडणी पडायच्या आधी, दोन पळ्या काढून एका जर्मनच्या पातेल्यात घ्यायची. त्यात ज्वारीच्या कण्या. त्या निखाऱ्यावर आधीच शिजून लगदा झालेल्या असायच्या. मग ते हातानं कालवायचं. पळीनं नाही, हातानं, कारण पळीला गुठळी कळत नाही असं ती म्हणायची. त्यावर ताक. बाजाराच्या दिवशी एक अंडं, किंवा खाटकाकडचा काळजाचा तुकडा. तो मात्र बाहेर तीन दगडांवर उकडायचा, कारण आमची पंगत शाकाहारी. मग मनगटाच्या मागच्या बाजूला त्यातलं बोटभर लावून बघायचं, निवलं की नाही. टॉमी दारात पुढचे पाय जुळवून बसलेला असायचा. ती "खा" म्हणायची. तो खायचा. मग ती गंजात मीठ टाकायची, आणि मग आमची ताटं.

एवढं सगळं ती आनंदानं करायची असं कोणाला वाटेल तर ते चूक. ती ते दमून करायची, कुरकुरत करायची, कंबर धरून उठायची. "घे रे बाप्पा, खाय, अन् मले सोड," म्हणायची. पण एक दिवस चुकला नाही. होळीपर्यंत टॉमीच्या पाठीवर मऊ लव आली. पुढच्या पावसाळ्यात तो इतका चकचकीत झाला की बोळातून जाणारे लोक थांबून विचारायचे, कोणाचा कुत्रा आहे. मावशी म्हणायची, "रेंजर साहेबाचा. त्यायचा मानूस येनार हाय न्यायले."

आता माझी बाजू ऐका. आमचा मुलूख तुरीचा. शेतात तूर, घरात तूर, वरण म्हटलं की तुरीचं. आणि त्या वर्षी खानावळीत वरण पातळ, हिरवट, आजाऱ्यासारखं येऊ लागलं. पहिल्यांदा मुनीम बोलला, "मावशी, हे मुगाचं हाय काय?"

"अर्धं हाय."

"काहून? आमी काय बाळंतीण झालो काय?"

"टामीले तूर बाधते," मावशी म्हणाली. "पोट फुगते त्याचं."

पंगतीत सगळे हसले. त्या दिवसापासून टॉमीचं नाव जावई पडलं. कोणी दारातून आत येताना विचारायचं, "जावयाचं झालं काय? मंग आमाले वाढा." कोहळं आलं की कोणी म्हणायचं, "जावयाले आवडते ना." पांढरे मास्तर सुद्धा, जे कधी थट्टा करायचे नाहीत, म्हणाले, "यंदा जावयाला धोंड्याचं वाण द्या, मावशी." ती भाकर उलटत म्हणायची, "देईन. व्याह्याचा पत्ता भेटला का देईन." तुरीच्या मुलखात आम्ही अर्धं मुगाचं वरण खात राहिलो, पण हसून खाल्लं. ते मीही खाल्लं.

एकदा मात्र माझं डोकं गेलं. फुलसावंगीच्या बाजारातून परत येत होतो. सौदा फिसकटला होता, गाडीचा कणा मोडला होता, अर्धी वाट चालत आलो. खानावळीत पोचलो तर पोटात कावळे. मावशी म्हणाली, "थांबा जरा, टामीचं निवून राह्यलं." मी रिकामं ताट असं सारलं की ते चुलीपर्यंत घसरत गेलं. म्हटलं, "मी पैसे मोजतो की तो मोजतो? माणूस आधी की कुत्रा?"

मावशीनं ताट उचललं, पदरानं पुसलं, पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

"तुमाले बोलता येते, किसनभाऊ. थांबा म्हटलं तं तुमी शिव्या देता, ताट फेकता. त्याले थांब म्हटलं तं तो थांबतेच. तोंड नाई ना त्याले. म्हून त्याचं पहिले."

अजूनही मला वाटतं, ताट सारायलाच पाहिजे होतं. दिवसभर चालून आलेल्या माणसाला ऐकवायची ही गोष्ट नव्हे. पण मी खानावळ सोडली नाही, कारण तिच्यासारखी भाकर स्टँडवर मिळत नव्हती.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका श्रावणात ते झालं. पांढरे मास्तर श्रावणी सोमवार कडक पाळायचे. एका सोमवारी ते उपास सोडायला लवकर आले आणि पंगतीत न बसता चुलीजवळ पोथी घेऊन बसले. त्यांनी पहिल्यांदा तो क्रम डोळ्यांनी पाहिला. गंजातून पहिली पळी कुत्र्याला. मग मीठ, मग फोडणी. मग मावशीनं छोट्या वाटीत वरण-भात घेऊन देवळीतल्या देवापुढं ठेवला, हात जोडले. मग आमची ताटं.

मास्तरांनी पोथी मिटली. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

रात्री मुनिमाच्या खोलीत सगळे जमले. मास्तर म्हणाले, "इतके दिवस मी समजत होतो, आपण कुत्र्यानंतर जेवतो. ते चालवून घेतलं. पण देवही कुत्र्यानंतर जेवतो. पहिला वाटा कुत्र्याचा, उरलेला देवाचा, आणि देवाचा उरलेला आपला. म्हणजे आपण श्रावणात कुत्र्याचं उष्टं खाऊन राहिलो."

कोणी म्हणालं, "तोंड कुठं लावते तो? पळी तं तिची हाय."

मास्तर म्हणाले, "पहिली पळी ज्याची, गंज त्याचं."

हे वाक्य बोळभर झालं, बाजारात गेलं. जे इतके दिवस हसत होते त्यांना एकदम घास जाईना. ज्याला देवाचं काही नव्हतं त्यालाही जाईना. पोळ्यापर्यंत मुदत ठरली. पोळ्यानंतर कुत्रा वेगळा, नाही तर आम्ही वेगळे. दहा-बारा जण एकदम उठले की मावशीची खानावळ बंद पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत नाही, माणूस नाही, ती टिनाची खोलीसुद्धा भाड्याची.

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन गावचे हट्टी म्हातारे मी एका बैलजोडीवर आणले होते, ही तर एक बाई. मी मास्तरांशी आधी बोललो, तासभर भांडलो, आणि त्यांना एका जागी आणलं. कुत्रा राहू द्या, पळी राहू द्या, गंज एकच राहू द्या. फक्त कुत्र्याच्या पळीआधी एक चमचा त्याच गंजातून देवाला काढायचा. एक चमचा! लाकूड वाढत नाही, भांडं वाढत नाही, हात वाढत नाही. मास्तर म्हणाले, "मग माझं काही म्हणणं नाही." मुनीम म्हणाला, "पन मावशी ऐकन काय?" मी म्हटलं, "माझ्या शब्दाबाहेर नाही ती. झालं समजा."

इतका स्वस्त सौदा मी आयुष्यात जुळवला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दुपारी मी गेलो. मावशी सूप घेऊन भिंतीला टेकली होती. टॉमी उंबऱ्यावर. मी गमतीनं खांद्यावरचा रुमाल तिच्या आणि माझ्यामध्ये पसरला. ती म्हणाली, "रुमाल उचला, जवारी पाखडाची हाय."

सौद्याची रीत अशी की खरी वस्तू आधी दाखवायची नाही. मी म्हटलं, "फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा नाईक माझा माणूस आहे. त्यांना कुत्र्याची कदर आहे. टॉमीला तिथं ठेवतो."

"तेथं काय खाईन तो?"

"सगळे कुत्रे खातात ते."

"मंग खरूज."

"बरं, मग त्याचं वेगळं भांडं करा."

"कोठं ठेवू? डोक्स्यावर? अन् लाकूड? अन् माया दोन हातायले तिसरा फुटला काय?"

मला हेच हवं होतं. मी आता चमचा काढला. सगळं नीट सांगितलं, मास्तर राजी आहेत, मुनीम राजी आहे, मी तुमच्या वतीनं हो म्हटलं आहे, पोळा गोड होईल. मावशी ज्वारी पाखडत ऐकत होती. कोंडा माझ्या अंगावर उडत होता.

"म्हंजे देवाले अळनी देऊ?" ती म्हणाली.

"एक चमचा."

"इतके वर्सं देवाले मी चवीचं वाढलं. मीठ पाहून, मिरची पाहून, आपल्या पोटात जाते तसं. आता त्याले आजाऱ्याचं देऊ? अन् ते बी देवासाठी नाई, मास्तरचं तोंड मिटाव म्हून? देवाले मधात बसवून?"

"अहो मावशी, एक चमचा तर आहे!"

"तेच तं म्हून राह्यली. चमच्यासाठी खोटं कायले बोलाव? बोलाचं तं गंजभर बोलाव."

मी आवाज चढवला. म्हटलं, जगात असं कुठं ऐकलं आहे, जनावराचं तोंड आधी आणि देवाचं मागून?

"उद्या पोळा हाय ना?" ती म्हणाली. "पुरनपोळी पहिले कोनाले चारता तुमी? बैलाले. मंग घरचे जेवतात."

"बैल वर्षभर राबतो!"

"अन् पांढरे मास्तर काय राबतात?"

बोळात कोणी ऐकत असेल तर हसलं असेल. मला हसू आलं नाही. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "तो रेंजर येणार नाही, मावशी. कधीच येणार नाही. त्याला दुसरा कुत्रा मिळाला असेल, तो याचं नावसुद्धा विसरला असेल. कोणासाठी चूल घालवता?"

मावशीचं सूप थांबलं.

"नाई येईन तो. मले बी समजते. आता कोन येते. पन तो येईन म्हून मी हो नव्हतं म्हटलं, किसनभाऊ. तो देऊन राह्यला होता अन् मी घेऊन राह्यली होती, म्हून म्हटलं." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी कायले हो म्हटलं तेथं? मले न विचारता?"

"तुमच्या भल्यासाठी!"

"माया भल्यासाठी, अन् माया नावानं." तिनं पुन्हा सूप हलवलं. "जा आता. थकली मी. सैपाकाची वेळ होऊन राह्यली."

मी मुनिमाच्या खोलीत परत गेलो. सगळे वाट पाहत होते. मी काही बोलायच्या आधीच मुनिमानं माझं तोंड वाचलं. "काहून किसनराव, रुमाल कमी पडला काय?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पोळ्याला, बैल सजवून तोरणाखाली उभे असताना, एका पोट्ट्या दलालानं मला भर गर्दीत हाक मारली: "ओ टामीचे दलाल!" ते नाव चिकटलं. पुसदला चिकटलं, तिथून फुलसावंगीला पोचलं. मी बोट धरलं की समोरचा रुमालाखाली हसायचा. हसणारं बोट कसं लागतं हे मी त्या वर्षी शिकलो. कित्येक वर्षं मला त्या नावानं पाय ओढून पाडलं, आणि ते नाव मला एका चमच्यापायी मिळालं.

पोळ्यानंतर आम्ही स्टँडजवळच्या भोजनालयात जेवू लागलो. मीही. मी शब्द दिला होता आणि तो मोडला होता. निदान दिलेल्या माणसांबरोबर उठायला तरी पाहिजे होतं. तिथलं वरण तुरीचं होतं. त्यात खडे असायचे. मास्तर डोळे मिटून जेवायचे.

मावशीकडे काही दिवस बाजाराचे गाडीवान जेवले. ते कुठं कोणाचा क्रम विचारतात? पण गाडीवान कापसाच्या हंगामातले, हंगाम सरला की तेही सरले. एकदा बोळातून जाताना मी पाहिलं, वैलावरचं मोठं गंज पालथं होतं आणि चुलीवर एक लहान भांडं होतं. टॉमी दारात पाय जुळवून बसला होता. मावशीनं मला पाहिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. पुढच्या उन्हाळ्यात त्या खोलीत सरकी भरलेली दिसली. शेजारच्यानं सांगितलं, ती आपल्या भावाच्या गावी गेली, फुलसावंगीकडं, गाडीत कुत्रा अन् गंज घेऊन. मी विचारलं नव्हतं.

आणखी काही वर्षं गेली. माझं घर झालं. पांढरे मास्तरांची बदली झाली, मुनीम वारला. मी स्टँडजवळ जागा घेतली, आणि तिथं बैलवाल्यांसाठी खानावळ टाकायचं मनात घेतलं. जागा होती, गिऱ्हाईक होतं, हात नव्हता. स्वयंपाकाला ज्या ज्या बायका आणल्या त्या महिन्यात पळाल्या. मग माझ्या डोक्यात आलं. खोटं कशाला सांगू, मला तिची भाकरही हवी होती आणि तिला माझ्या अटीवर परत आणलेलंही सगळ्या बाजाराला दाखवायचं होतं. अटी मी अशा बांधल्या की त्यात नाही म्हणायला जागा नव्हती. दोन चुली, दोन्हींना वैल. हाताखाली एक बाई. आणि टॉमीचं वेगळं भांडं, वेगळ्या चुलीवर.

फुलसावंगीच्या बाजारात एका चांगल्या जोडीचा सौदा रंगात आला होता. रुमाल हातावर होता. तेवढ्यात पलीकडच्या झुणका-भाकरीच्या दुकानापाशी, पोत्यावर, मावशी बसलेली दिसली. मी समोरच्याला थांब म्हटलं आणि गेलो.

ती जेवत होती. केस पिकले होते, हातावर चिरा होत्या, शेतातल्या. मी म्हटलं, "मावशी."

तिनं वर पाहिलं. ओळखलं. "किसनभाऊ. बसा. जेवून घेते."

मी बसलो नाही. विचारलं, "टॉमी?"

"गेला. मागच्या होळीच्या आगंमागं. दात नव्हते राह्यले, जवारीच्या कन्या पानी करून देत होती. चांगला गेला. झोपेतच." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "इतक्या वर्सात एक डाव बी म्हटलं नाई त्यानं, का मीठ कमी हाय म्हून."

"आता काय करता?"

"निंदाले जाते. दुसऱ्याच्या वावरात. बरं हाय. कापसाची पऱ्हाटी बोलत नाई."

मी माझ्या अटी सांगितल्या. उभ्यानंच सांगितल्या. दोन चुली, हाताखालची बाई, सगळं. ती चावत होती, माझ्याकडे पाहत नव्हती, ताटाकडे पाहत होती. मागून माझा माणूस ओरडला, "शेठ, गिऱ्हाईक जाऊन राह्यलं!" मी हात वर केला. दुकानवालीनं मावशीला विचारलं, "आनखी देऊ काय, बाई?"

"द्या. झुनका थोडा लागला तुमचा खाली. पन द्या."

दुकानवाली लाजली, तिनं गरम भाकर आणून टाकली, वर कांदा फोडून ठेवला. मावशीनं पाय लांब केले, ताट मांडीवर घेतलं. इतकी वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं, पण तिला खाताना मी पाहिलं नव्हतं. सावकाश खायची. एकेक घास कालवून, चव बघून, मध्येच थांबून. कोणाच्या उठायची वाट न पाहता.

"मग येता काय?" मी विचारलं. "मावशी, येता काय? तुम्ही म्हणाल तसं."

तिनं घास गिळला. तांब्यातलं पाणी प्यायली.

"किसनभाऊ," ती म्हणाली, "माया जेवनात बोलू नका."

मागं माझा माणूस पुन्हा ओरडला, आणि मग ओरडायचा थांबला. बैल दुसऱ्यानं नेले होते. मी रुमाल हातात घेऊन उन्हात उभा राहिलो. मावशी दुसरी भाकर मोडत होती.